दुभाषी

समितीत चौघे होते आणि एक लेझरची मोजपट्टी.
क्लायपेडाच्या बंदराजवळचा आमचा जुना हॉल.
लाल ठिपका छतावर चढला,
गळतीच्या डागापाशी घुटमळला,
मुकाट खाली आला.

माझं काम, शब्द इकडचे तिकडे करणं.
विमानतळ किती लांब?
उंच खेळाडूंना पुरतील असे पलंग किती हॉटेलांत?
खुर्च्या किती, त्यातल्या काचेआडच्या किती?
उपमहापौर घाम पुसत म्हणत होते, 'जवळजवळ', 'लवकरच'.
मी दोन्ही जपून इंग्रजीत नेले;
पोचेपर्यंत 'लवकरच'चे केस पिकले होते.

गिंतौतास कोपऱ्यात फरशी पुसत होता.
छत्तीस वर्षं हीच फरशी, हाच माणूस,
फडकी तेवढी बदलली.
बुटांकडे बघत म्हणाला, "रेषेच्या आत नको."
मी सांगितलं, "ते तुमचं स्वागत करताहेत."
लेनार्टसाहेब खूश झाले,
आणि रेषेच्या आत आले.

मग त्यानं विचारलं, तिकीट कितीला पडेल?
उत्तर आलं: ते बाजार ठरवेल.
मी तसंच सांगितलं.
तो म्हणाला, कुठला? शनिवारचा?
धुरावलेल्या माशांचे भाव तिथे
सकाळी एक, दुपारी एक.
हे मी कोणालाच सांगितलं नाही.

निघता निघता तो आपणहून बोलायला लागला.
एका जानेवारीत हीटर बंद पडला होता.
नऊशे माणसं आली, ओव्हरकोटांत,
हातमोज्यांनी टाळ्या वाजेनात
म्हणून पाय आपटत राहिली.
इतक्या श्वासांनी फरशीवर दव धरायचं.
दर टाइमआउटला मी धावत जाऊन पुसायचो,
आणि लोक माझ्यासाठीसुद्धा पाय आपटायचे.

उपमहापौरांनी माझा दंड दाबला.
पण हे मी सगळं सांगितलं,
दव, पाय, नऊशे, एकही शब्द न गाळता.
समितीतल्या बाई लक्ष देऊन ऐकत होत्या.
त्यांनी वहीत लिहिलं:
हीटर नादुरुस्त.

मे महिन्यात पत्र आलं. दुसरं शहर.
नाव घेत नाही, तिथल्या माणसांचा काय दोष.
तिथेही कोणी फरशी पुसत असेल,
त्याच्याशी कोण बोललं असेल, कोणत्या भाषेत?

माझं बिल त्यांनी वेळेवर चुकतं केलं.

मासळीच्या गोदामामागे एक रिंग आहे, जाळी नसलेली.
दाइना आणि तिच्या मैत्रिणी दहा वाजेपर्यंत खेळतात,
उन्हाळ्यात इथे अंधारच पडत नाही.
समुद्राकडून वारा असला की
नेम रिंगच्या हातभर डावीकडे धरायचा.
नव्या मुलीला हे कोणी सांगत नाही.
तीन-चार चेंडू वाया गेले की कळतं.

हॉलमध्ये रेषेच्या आत
लेनार्टसाहेबांच्या टाचेचा काळा ओरखडा अजून आहे.
रॉकेलनं निघेल, गिंतौतास म्हणतो.
आणि त्याला वळसा घालून पुसत राहतो.