कॉइल

सातपूरला, आयटीआयच्या भिंतीपलीकडे
अण्णांचं दुकान. दहा बाय बारा.
पाटीवर एवढंच : रिवाइंडिंग.
मोहाडीहून, जानोरीहून जळक्या मोटारी येतात
बोअरमधून उपसून काढलेल्या, अंगभर गाळ,
उघडल्या की वास सुटतो
रात्रभर कुणी दिवा विझवायचा विसरला असावा तसा.

छिन्नीनं जुनं तांबं कापायचं, भंगारात वजनावर.
खाचा खरवडायच्या, कागद बसवायचा.
मग हातानं फिरवायचं ते चाक.
अण्णा डोळे मिटतात, ओठ हलत राहतात :
एकोणतीस, तीस, एकतीस.
या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही.
आमच्या घरात सोवळं म्हणून जे काही आहे
ते एवढंच.

मी बोलले.
वाचनालयातून आले होते, जाड कोश चाळून,
बोटांना अजून जुन्या पानांची धूळ.
"अण्णा, कॉइल म्हणजे मुळात गुंडाळणं नव्हेच!
वेचून एकत्र करणं. लॅटिनातून आलाय शब्द.
फ्रेंचांनी तो फळं तोडायला वापरला,
पुढे खलाशांनी जहाजावर दोर आवरून ठेवायला,
गोल आकार त्याला तिथे चिकटला, दोरामुळे.
आणि आपला कलेक्टर त्याचाच भाऊबंद,
शेतसारा गोळा करणारा!"

चाक थांबलं.
"किती झाले होते?"
मला काय ठाऊक.
त्यांनी चाक उलटं फिरवलं, सगळे वेढे सोडले,
तार जमिनीवर पडली, पण सरळ झाली नाही,
जितकी सोडली तितकी आपली आपण वळत राहिली.
"कलेक्टरला सांग," अण्णा म्हणाले,
"एकपासून मोजायला बस."

मी पायरीवर बसले. मोजलं काहीच नाही.
आपल्याकडचे शब्द आठवत राहिले :
सापाचं वेटोळं, दोराचा पीळ,
हंड्याखालची चुंबळ, मानेवरचा अंबाडा,
आजाराचा विळखा.
प्रत्येक गोष्टीचं वळणं वेगळं म्हणून शब्द वेगळा,
आणि संध्याकाळी दुकानात डासांसाठी लावतो ती
हिरवी, राख होत आत आत जाणारी,
तिला मात्र आपणही कॉइलच म्हणतो.

कोशात त्याच अक्षरांचा आणखी एक शब्द होता,
बोलण्यातून कधीच उठून गेलेला :
गलका, धांदल, आरडाओरडा.
मूळ ठाऊक नाही, असं लिहिलेलं.
मला तो जास्त आवडला.
बहुतेक गलक्यांचं मूळ असंच असतं.

सातला पिकअप थांबली. आई उतरली, तिच्यामागे चौघी.
खुडणीचे दिवस. नखं काळी, बोटं चिकट,
कात्री अजून कनवटीला.
"आज किती क्रेट?" अण्णांनी न बघता विचारलं.
"कुणी मोजले," आई म्हणाली,
आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं :
फळं तोडणारी ही, तांबं गुंडाळणारे ते.
दोघं तीस वर्षं एकच शब्द कसताहेत,
एक जानोरीच्या मळ्यात, एक सातपुरात,
आणि घरात त्यावरून कधी बोलणं झालेलं नाही.

तिच्या अंबाड्यात वाळलेली बाळी अडकली होती,
वेलीची, कानातली नव्हे.
तार कापली, वेल सोडवली तरी
हवेला धरून बसणारी ती.
अण्णांनी चाक सोडून हात पुढे केला, ती काढली,
ट्यूबलाइटखाली धरली.
"अडीच," म्हणाले.
आणि गेजच्या डबीत टाकून दिली.

अण्णांचं नाव पुंजाजी.
पुंज म्हणजे रास, गोळा केलेलं.
हे सांगायला मी तोंड उघडलं,
पण चाक पुन्हा सुरू झालं होतं :
सात, आठ, नऊ.