हरकत

तीन रविवार आपली नावं पुकारली
कालिन्याच्या देवळात, दहाच्या मिस्साला.
वेन्सेस्लाव, कैतान मिस्किटा यांचा मुलगा.
ओदिल, अंतोन कोरिया यांची मुलगी.
कोणाला काही हरकत ठाऊक असेल तर –
आणि तेवढ्यात विमान आलं, चाकं सोडून,
छपराला घासून जावं इतकं खाली.
फादर अँब्रोज थांबले कागदावर बोट ठेवून,
जसे प्रवचनातही तीन-चारदा थांबायचे.
विमान उतरलं.
मग त्यांनी पुढचं वाचलं:
सोमवारची सभा, कौलांची वर्गणी.

हरकत कोणी घेतली असती
तरी ऐकू आली नसती.

मला एक ठाऊक होती.
रागावले की मी बोलत नाही.
आईलाही ठाऊक होती. ती बाकावर
बांगडी फिरवत बसली.
आणि तुझी बहीण, दोन बाकं पुढे,
जिला माहीत होतं
तू थोरल्याच्या टॅक्सीला जामीन राहिलायस ते.

उंबराचं पाणी आणायला निघालो
तर विहिरीला सोसायटीचं कुलूप.
मावश्यांनी नळाखाली घागर धरली,
बँडवाल्यांनी तरीही वाजवलं.
असंच झालं आपलं सगळं. नळाच्या पाण्यावर.

दुसऱ्या वर्षी बँकेचा माणूस दारात आला
आणि मी अकरा दिवस गप्प.
तू भात वाढून घ्यायचास, ताट धुवायचास,
तेर्स एकटाच म्हणायचास, दोघांच्या वाटची उत्तरं देत.
बाराव्या रात्री, रविवार होता,
दिवे असताना तू मेणबत्ती लावलीस,
उभा राहिलास, आणि फादरांच्या आवाजात:
वेन्सेस्लाव आणि ओदिल.
कोणाला काही हरकत ठाऊक असेल तर सांगावी.

मी हसले नाही.
म्हटलं, आहे.
तासभर सांगितली. बोंबलाचं कालवण गार झालं.
मग तू म्हणालास, माझीही एक आहे,
आणि मला ती माहीत नव्हती.

तेव्हापासून रविवारी, जेवणानंतर.
दर रविवारी म्हटलं तर खोटं होईल,
एक अख्खा पावसाळा आपण टाळलं.
कधी हरकत ओल्या टॉवेलची.
कधी त्या डॉक्टरांची, जिथे तू म्हणालास
पुरे आता, आणि मला पुरे नव्हतं.
ती हरकत तीन वर्षं चालली.
अजूनही कुठल्या तरी रविवारी निघते,
आपण तिला बसायला जागा देतो.

तिसरी खुर्ची त्याची, असं आपण ठरवलं होतं.
तिच्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे असतात.
चालत असावं त्याला,
गोठ्यात जन्मलेल्याला.
‘जशी आम्हीही’पाशी तू अजून अडखळतोस,
मी थांबते. मी पुढे गेले तर
ते वाक्य तुला एकट्याला ओढावं लागेल.

सव्वीस वर्षं हँगरमध्ये इंजिनांखाली.
उजवा कान गेला तुझा.
आता माफी मागायची तर मला उठून
टेबलाला वळसा घालून
तुझ्या डावीकडे यावं लागतं.
चार पावलं. गुडघे दुखतात.
निघताना जे बोलायचं असतं
ते पोहोचेपर्यंत बरंच लहान झालेलं असतं.

काल देवळात नावं पुकारली,
मिंगेलच्या धाकटीची, आणि गोराईचा कोणी मुलगा.
हरकत ठाऊक असेल तर –
विमान.
तू माझ्या कानाशी वाकून म्हणालास,
कुजबुजतोयस अशा समजुतीने,
असतात ना, ढीगभर असतात!
विमान केव्हाच उतरलं होतं.

अख्खं देऊळ वळलं.
फादर, हे नवे आहेत, चष्म्यावरून बघत राहिले.
पोरगी पांढरीफटक.
मी तिला हातानेच सांगितलं,
काही नाही, काही नाही.
आणि मग, राहवेना म्हणून, पुन्हा हातानेच:
ये दोघं. रविवारी. जेवायलाच या.