झाकण

नकाशात टाकी होती.
वॉर्ड ऑफिसातला निळा कागद उलगडून
तेंडोलकर साहेबांनी बोट ठेवलं. इथे.
इथे म्हणजे अनसाबाई खिल्लारेंचं घर,
त्यातही ओटा, ओट्याखालची शहाबादी,
शहाबादीवर पिठाचा डबा.

वीस सीटांचा संडास, चौदाशे माणसं,
आणि झाकण एकीच्या चुलीखाली.

मी समितीची वहीवाली.
घरटी साठ रुपये, उधारी लाल पेनानं.
मानखुर्दच्या या टोकाला मोठी वाहिनी आलेली नाही.
हायवेपाशी येऊन थांबली,
दारातूनच बोलून जाणाऱ्या पाहुण्यासारखी,
चपलासुद्धा काढल्या नाहीत.

म्हणून आम्ही पंचांग बघतो.
पौर्णिमा-अमावास्येला खाडीला उधाण येतं,
जमिनीखालून पाणी चढतं, टाकी फुगते
आणि शेवटच्या दोन सीटांमधून
जे दिलं ते परत येतं.
त्या रात्री बायका पाणी पीत नाहीत.
टँकर बोलवायचा तर अष्टमीला, भांगाच्या दिवशी,
हे पालिकेच्या पुस्तकात नाही,
मासे विकणाऱ्या गजरा कोळणीनं सांगितलं.

मागच्या वेळी टाकी कशी उपसली
ते शोधायला जुनी वही काढली.
अक्षर माझ्या आधीच्या खजिनदाराचं, वळणदार:
टाकी सफाई, मजूर दोन, रु. ४००.
त्याखाली, दुसऱ्या दिवशीची तारीख:
हार एक, रु. ५०.
नाव नाही.
मी पान उलटलं, परत मागे आले.
नाव नाहीच.

टँकरचा पाइप दोनशे फूट, गल्ली तीनशे दहा.
ग्रिल बनवणाऱ्या इद्रिसनं
जुन्या पिंपाच्या पत्र्यातून दोन जोड वळवले,
पैसे नको म्हणाला, मग म्हणाला वेल्डिंगच्या कांड्यांचे तरी द्या.
पाइप तेरा उंबऱ्यांसमोरून गेला,
कुणी पाय आखडले, कुणी पाळणा उचलला.

उरली अनसाबाई.
आम्ही पाचजणी गेलो, शब्द जुळवत.
ती तांदूळ निवडत होती.
मान वर न करता म्हणाली, ठाऊक आहे मला.
एकोणीस वर्षं.
उधाणाच्या रात्री डबा थरथरतो,
कडी वाजते आतून कुणी ठोठावल्यासारखी.
बोलले नाही. बोलले असते तर घर गेलं असतं.

मग तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.
फोडा, म्हणाली.
पण माझ्या घरातून कुणी खाली उतरायचं नाही.
नळी उतरेल. बांबू उतरेल.
माणूस नाही.

अष्टमीला सकाळी स्टोव्ह विझवला.
देव्हाऱ्यातला दिवा तिनं स्वतःच शांत केला,
वायूला देव कळत नाही म्हणाली.
फरशी निघाली, वाळू निघाली,
मग ते, गंजलेलं, परातीएवढं.
अर्धा तास दार-खिडकी उघडी, सगळे गल्लीत.
टँकरवाला सिद्राम हातमोजे घालून बसला,
काठावर, गुडघ्यांवर,
आणि सवयीनं एक पाय आत सोडला.
अनसाबाईनं त्याचा दंड धरला.
काही बोलली नाही. तो पाय वर आला.

चार फेऱ्या झाल्या.
गाळ भांडुपच्या केंद्रावर गेला, पावती आहे.
नवं झाकण फरशीच्या रेषेत बसवलं,
दोन कड्या, रबराची पट्टी, फटीतून झुरळही येणार नाही.
संध्याकाळी त्यावर पुन्हा डबा,
डब्यावर चाळण.
चहा तिच्याच ओट्यावर झाला.
आधी कुणी कप उचलेना,
सिद्रामनं उचलला, मग सगळ्यांनी.

रात्री वहीत लिहिलं:
टँकर फेऱ्या चार. जोड दोन (इद्रिस).
चहा अकरा कप.
खाली उतरलेले मजूर: शून्य.
हा रकाना आधी नव्हता, पट्टीनं आखून घेतला.
पुढची तारीख, वद्य अष्टमी बघून कळवणे.
अनसाबाईंना दोन दिवस आधी,
पीठ हलवावं लागतं.