उंडेल

फहाहीलच्या दुकानात मोइदू विचारतो,
खायचं की लावायचं?
मी म्हणते, धुवायचं.
तो शिडी लावून वरचा डबा काढतो.

खोबरेल तीनशे ग्रॅम.
फेस त्याचाच, खाऱ्या पाण्यातसुद्धा येतो,
पण एकट्याच्या हाती कारभार दिला
की कातडी ओढतं.
ऑलिव्हचं हैफाने दिलं, नाब्लुसच्या डब्यातलं.
याला घाई करू नकोस म्हणाली,
याची वडी दोन महिने नुसती बसून राहते.
एरंडेल चमचाभर.
सूर्यफूल नको. मागच्या खेपेला
वड्यांवर नारिंगी ठिपके उठले
आणि घरभर शिळ्या फरसाणाचा वास.

उंडेलाची बाटली अजून फोडलेली नाही.
दापोलीहून भाऊ लुंगीत गुंडाळून घेऊन आला,
इतकी हिरवी
की कस्टमवाल्याने हुंगली
आणि बूच लावून मुकाट्याने परत दिली.

पाण्यात कॉस्टिक, उलट नाही.
बाल्कनीत ठेवलं निवायला,
पण बाहेरच सेहेचाळीस अंश,
कोण कोणाला निववणार?

मुश्ताक गुरुवारी रिगवरून येतो.
त्याच्या नखांत, तळव्यांच्या भेगांत बसलंय
तेही तेलच,
जमिनीच्या पोटातलं. दुकानातली वडी
त्याच्या वाटेलाही जात नाही.
कशाने निघेल गं, एकदाच विचारलं होतं त्याने,
जेवताना, डावा हात मांडीखाली सारत.

काटा शून्यावर आणते.
बूच निघताना आवाज होतो.
उंडेल सत्तर ग्रॅम.
नाही, ऐंशी.
वास राहील.
राहू दे.