बारीक नट

असोळण्यात, साळ नदीच्या अलीकडे,
एर्मेलिंदाबाईंच्या घराची भिंत दीड हात जाड.
चिरा. आतून चुना.
"नळी दिसता कामा नये," त्या म्हणाल्या,
"आणि इगर्जीच्या बाजूने तर मुळीच नको."

दोन नळ्या असतात, एक जाड, एक बारीक,
रोहिदासला हे तिसऱ्यांदा सांगतो.
बारकीतून जातो, जाडीतून परत येतो.
दोघींना वेगवेगळी बंडी.
एकाच बंडीत कोंबल्यास, तर झाला घोटाळा.

भोक बाहेरच्या अंगाला उतरतं घ्यायचं,
अर्धं बोट, नाहीतर पाणी घरात येतं.
ड्रिल आत गेलं तशी
लाल भुकटी माझ्या पापण्यांवर बसली,
आणि चुन्यातून निघाला
नखाएवढा शिंपल्याचा तुकडा,
कुणाच्या तरी चाळणीतून निसटलेला.
खिशात टाकला. कशाला, माहीत नाही.

तांबं वाकवताना घाई नको.
लहान पोराचा हात बाहीत घालतात
तशी वळणावरून फिरवायची.
एकदा चेपली की ती जागा
जन्मभर चेपलेलीच.

कोपऱ्यात पलंग. पलंगावर रुझारबाब.
तेवीस वर्षं जहाजावर,
मासळी गोठवणाऱ्या बोटींच्या पोटात,
हे बाईंनी सांगितलं.
त्यांना स्वतःला नाताळापासून बोलता येत नाही.

पंप लावला. नळीतली हवा काढायची,
हवेतली ओलसुद्धा.
काटा खाली गेला. पंप बंद केला.
काटा हळूच वर सरकू लागला.
रोहिदास माझ्याकडे बघेना,
नळ्यांची तोंडं त्यानेच फुलवली होती, चारही.

नायट्रोजन भरला. बाहेरच्या दोन्ही नटांना
साबणाचा फेस लावला. काही नाही.
आत आलो, पंखा बंद करायला सांगितला.
घड्याळ. पाव्याचं भोंपू, लांबून.
रुझारबाबांनी डावा हात उचलला,
उजवा उचलत नाही,
आणि दोन बोटं एकमेकांवर घासली,
भिंतीकडे बघत.

आतला. बारीक नट.
फेस लावला तर मोहरीएवढा बुडबुडा
फुटला, परत आला.

कापून पुन्हा फुलवली,
कीस आत पडू नये म्हणून तोंड खाली धरून,
रोहिदासलाच धरायला लावून.

संध्याकाळी मशीन चालू झालं.
गारवा पलंगापर्यंत पोचायला वेळ लागला.
बाईंनी चादर वर ओढली,
रुझारबाबांनी खाली ढकलली,
त्यांनी परत ओढली.
नको नको म्हणताना बिबिंकाचा तुकडा मिळाला.
पैसे ठेवताना शिंपला हाताला लागला.
ही वस्तू त्यांची. पण द्यायची कशी,
काय म्हणून द्यायची?

परत येताना मोटरसायकलवर
मागे बसलेला रोहिदास
माझ्या कानाशी दोन बोटं घासत होता.
"ऐकू येतंय?"
वाऱ्यात काय ऐकू येणार.
येतंय, म्हणालो.