प्रश्न तिसरा

क्ष या उपभोक्त्याचं उत्पन्न सोळा लारी.
खुरम्याची किंमत दोन, पावाची एक.
समतोल काढा. गुण दहा.

प्रश्न माझाच. अकरा वर्षं तोच विचारतेय,
फक्त फळ बदलते: जूनमध्ये चेरी, सप्टेंबरात पीच,
आता डिसेंबर, म्हणून खुरमा,
केशरी, टोमॅटोच्या अंगलटीचा,
कच्चा चावला तर तोंडातली लाळसुद्धा पळ काढते.

कुटाइसीत रात्री आठला वीज गेली.
शेगडीजवळ पाय, मांडीवर बेचाळीस उत्तरपत्रिका,
मेणबत्तीच्या उजेडात बेचाळीस वेळा तोच क्ष
अंदाजपत्रक रेषेवरून चालत येतो,
समतृप्ती वक्राला खांदा टेकला की थांबतो.
सहा खुरमे, चार पाव. समाधानी.
ना चेहरा, ना पिशवी.

गोचाचंही उत्तर तेच. सहा, चार. बरोबर.
पण खाली रेघ मारून पुढे दीड पान:

"मॅडम, क्षला मी ओळखतो. तिचं नाव त्सिउरी.
दर गुरुवारी लामारा मावशीच्या गाळ्यावर येते,
सुट्टे पैसे घरूनच मोजून, रुमालाच्या गाठीत.
पाच पिकलेले घेते, इतके पिकलेले
की तान्हं मूल धरावं तसे धरावे लागतात.
सहावा मात्र दगडासारखा मागते.
तुम्ही शिकवलंत, दुसऱ्यात पहिल्याइतकी गोडी नाही,
तिसऱ्यात दुसऱ्याइतकी नाही. पाचपर्यंत पटतं.
सहाव्याशी गाडं अडतं.
एकदा विचारलं, हा कशाला, आजी?
म्हणाली, खिडकीत ठेवते, रोज अंगठ्यानं दाबून बघते.
मुलगा पोलंडमध्ये ट्रक चालवतो,
त्याचा फोन कधी येतो, कधी नाही.
हा मात्र रोज थोडा मऊ होतो.
मॅडम, ही उपयोगिता कुठल्या अक्षावर घ्यायची?
खाल्ल्यावर मिळते ती पुस्तकात आहे.
न खाता मिळते तिचा तक्ता कसा मांडतात?
मावशी म्हणते, त्या एकाचे पैसे घेऊ नकोस.
पण त्सिउरी दोन लारी ठेवतेच.
फुकटचं लवकर पिकत नाही, म्हणते."

माझ्या नमुना उत्तरात
सूत्राला सहा, आकृतीला दोन, निष्कर्षाला दोन.
दीड पानाला काहीच नाही.
लाल पेन हातात तसंच राहिलं,
मेणबत्ती तेवढी संपत गेली.

गुरुवारी बाजारात गेले. अक्रोड घ्यायचे होते,
असं निदान स्वतःला सांगितलं.
रिओनीवरून बोचरा वारा, गोचाच्या हातात अर्धी बोटं कापलेले मोजे,
मला बघून त्यानं तराजू उगाचच पुसला.
मग ती आली.
माझ्या क्षचे गुडघे दुखतात,
हे मला अकरा वर्षं माहीत नव्हतं.
एका बुटाची चेन तुटलेली, तिथे सुतळी.
तिनं गाठ सोडली, नाणी मांडली,
आणि सहाही पिकलेले घेतले.

गोचानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे.
पोरगा येतोय? की...
विचारायचं कुणी? क्षला कुणी काही विचारत नाही,
प्रश्नपत्रिकेत तशी सोयच नसते.
ती निघाली, पिशवी पोटाशी धरून,
आणि पाव किती घेते
हे बघायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

मी एक घेतला. दगड. खिडकीत ठेवला.
शुक्रवारी दाबला. शनिवारी दोनदा दाबला.
रविवारी धीर सुटला, चावला;
जीभ चामड्याची झाली, डोळ्यांत पाणी,
आणि त्याच तोंडानं गोचाला नऊ दिले.
एक कापला.
एकक लिहायचं राहिलं होतं.