खिशात काय आहे

शनिवारी शाळा साडेदहाला सुटते.
उरतात नऊ मुलं, सातवी ब चा वर्ग,
दांडेकर पुलाकडे उघडणारी खिडकी
आणि वाक्य अर्धवट सोडून थांबणारा पंखा.

पहिल्या शनिवारी सगळ्यांनी राजे आणले.
शूर राजा. दयाळू राजा.
मुबीन तांबोळीचा राजा शूर, दयाळू आणि शिवाय उंच.
मी विचारलं, त्याला चप्पल कुठे चावते?
वर्ग हसला. मुबीन हसला नाही.
वहीवर वाकून
बराच वेळ राजाचे पाय बघत बसला.

मग मी फळ्यावर एकच ओळ लिहिली,
'त्याच्या खिशात काय आहे?'
आणि खडू ठेवून दिला.

तेजलच्या भाजीवालीच्या कनवटीला
भलत्याच कुणाच्या घराची किल्ली निघाली.
कुणाची गं?
"तिलाच आठवत नाहीये, मॅडम. पण टाकवत नाही."
प्रज्वलच्या फौजदाराच्या खिशात बडीशेप
आणि कागदाच्या पुडीत एक दुधाचा दात.
हर्षल वाघचौरेनं लिहिलं, काही नाही.
काही नाही असं कसं?
"खिसा फाटलाय.
कुणाला दिसू नये म्हणून
तो सारखा हात खिशात घालून चालतो."
त्या दिवशीचं माझं शिकवणं तिथंच आटोपलं.

एरवी मी बरंच काही सांगत असते.
'तो रागीट होता' असं लिहू नका रे,
तो कपबशी कशी ठेवतो ते लिहा.
स्वारगेटच्या बसमध्ये चढा,
सुटे नसले की कंडक्टर आधी कुठे बघतो ते बघा.
आणि वाईट माणसातही
काहीतरी चांगलं असतंच, ते शोधा.
हे शेवटचं मी एका कार्यशाळेतून आणलं होतं,
जेवणाच्या कुपनासकट.

सुहानीच्या गोष्टीत एक मामा आहे.
त्याला तिनं नाव दिलेलं नाही.
तो दार वाजवत नाही, लाथेनं उघडतो.
मी म्हटलं, त्याचं काही चांगलं शोध बघू.
"मला नाही शोधायचं."
मग तो खरा वाटायचा नाही, बाळ.
"तो खराच आहे."

पंखा तेव्हा नीट चालू होता.
मला काहीतरी बोलायला हवं होतं
आणि कार्यशाळेत पुढचं सांगितलं नव्हतं.
शेवटी म्हटलं, बरं. चांगलं नको.
जेवून झाल्यावर तो काय करतो,
तेवढंच लिही.

पुढच्या शनिवारी तिनं वही सरकवली.
'मामा आपलं ताट आपण धूतो.
पुसून फळीवर ऊभं ठेवतो.
मग मामीचं ताट फेकतो.'

तीन वाक्यं. ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका.
मी लाल पेन उघडलं
आणि टोपण परत लावलं.

तास संपल्यावर तिला थांबवलं.
घरी सगळं ठीक आहे ना?
"गोष्ट आहे ना, मॅडम," ती म्हणाली,
दप्तराची चेन लावत, माझ्याकडे न बघता.
चेन मध्येच अडकली. तिनं ती
मागे घेऊन पुन्हा लावली, सावकाश,
जशी रोज लावत असावी.
हजेरीपटातून तिच्या आईचा नंबर
मी हातावर उतरवून घेतला.
संध्याकाळी लावला. दोनदा नुसताच वाजला.
तिसऱ्यांदा एक बाई म्हणाल्या, "बोला,"
आणि मी बोलायला लागले,
फार वाईट बोलले, कथेतलं पात्र असतं तर
मीच खोडून टाकलं असतं.

मंगळवारी त्या शाळेत येणार आहेत.

मुबीनचं मात्र अजून चाललंय.
पाच शनिवार झाले, एकच राजा.
आता त्याच्या उजव्या करंगळीला कुरूप आहे.
म्हणून दरबारात कुणी आलं
तरी तो उठून उभा राहत नाही
आणि सगळ्या राज्यात बोलतात,
काय माज आहे बघा.

करंगळीचं राजानं अजून
राणीलासुद्धा सांगितलेलं नाही,
मुबीन हळू आवाजात म्हणतो,
आणि मलाही बजावतो,
कुणाला बोलू नका.